लाल रेघेतली कामे आणि ‘क्रिटिकल’ या शब्दाचा घोळ

कार्यप्रक्रिया व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रक्रियेच्या आराखड्यातील काही चौकटी लाल होतात आणि त्यांना जोडणाऱ्या मार्गाला क्रिटिकल पाथ म्हटले जाते. एवढ्यावरून लाल चौकटींतील कामे सर्वांत महत्त्वाची आणि उरलेली दुय्यम, असा समज आढावा बैठकांत इतक्या सहजपणे मांडला जातो, की तो चुकीचा आहे हे पुन्हा पुन्हा सांगावे लागते. या संज्ञेतील ‘क्रिटिकल’ हे विशेषण कामाचे मोल, जोखीम किंवा खर्च यांविषयी काहीच सांगत नाही. परस्परांवर अवलंबून असलेल्या कामांची जी साखळी पूर्ण व्हायला सर्वांत जास्त वेळ लागतो आणि जी त्यामुळे संपूर्ण काम कमीत कमी किती दिवसांत होईल हे ठरवते, ती क्रिटिकल पाथ. ड्यूपॉन्ट कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांनी १९५७ च्या सुमारास ही पद्धत विकसित केली आणि १९५९ मध्ये ती निबंधरूपाने मांडली, तेव्हाही त्यांच्यापुढचा प्रश्न वेळेचा आणि पैशाचा होता: सगळ्याच कामांची घाई करण्याऐवजी नेमकी कोणती कामे जास्त खर्च करून उरकावीत?

गृहकर्जाच्या अर्जाचे उदाहरण घेतले तर घोळ कुठे होतो हे दिसते. समजा, छाननीला १ दिवस लागतो; त्यानंतर वकिलाचा शोध अहवाल (६ दिवस), मालमत्तेचे मूल्यांकन (३ दिवस) आणि उत्पन्नाची पडताळणी (२ दिवस) ही कामे एकाच वेळी सुरू होतात, आणि तिन्ही हाती आल्यावर मंजुरीला २ दिवस लागतात. क्रिटिकल पाथ छाननी, शोध अहवाल आणि मंजुरी असा जातो आणि एकूण ९ दिवस होतात. पडताळणीला ४ दिवसांची सवड आहे, म्हणजे ती तेवढी रेंगाळली तरी शेवटची तारीख हलत नाही; सवडीचा अर्थ एवढाच. कर्ज फिटणार की बुडणार याचा अंदाज ज्या कामावर बांधायचा, ते लाल रेघेबाहेर आहे म्हणून बिनमहत्त्वाचे, असे म्हणायला कोणती बँक धजावेल?

लाल रेघ कायमची असते, हा याच समजाचा दुसरा चेहरा. शोध अहवाल ६ ऐवजी २ दिवसांत मिळू लागला तर ४ दिवस वाचतील असे वाटते, पण प्रत्यक्षात ३ च वाचतात, कारण आता मूल्यांकनाची शाखा सर्वांत लांब ठरते आणि लाल रेघ तिकडे सरकते.

याहून गंभीर चूक प्रकल्प आणि प्रक्रिया यांत फरक न करण्याची आहे. प्रकल्प एकदाच होतो, प्रक्रिया मात्र शेकडो अर्जांसाठी पुन्हा पुन्हा चालते आणि ते अर्ज त्याच माणसांच्या टेबलांवर एकमेकांच्या मागे रांगेत असतात. वरचा ९ दिवसांचा हिशेब प्रत्येक काम येताक्षणी हाती घेतले जाते असे गृहीत धरतो. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेल्या नियमानुसार, स्थिर गतीने चालणाऱ्या व्यवस्थेत प्रलंबित अर्जांच्या सरासरी संख्येला रोज निकाली निघणाऱ्या अर्जांच्या संख्येने भागले की एका अर्जाला लागणारा सरासरी वेळ मिळतो. १८० अर्ज प्रलंबित असून रोज १० निकाली निघत असतील तर तो १८ दिवस येतो. मधले ९ दिवस फाइल नुसती पडून असते, आणि साध्या क्रिटिकल पाथच्या आकृतीत त्या पडून राहण्याला चौकटच नसते. शिवाय त्रुटी निघालेला अर्ज मागे जाऊन पुन्हा येतो, तर मूळ पद्धतीला असे वर्तुळ चालतच नाही, कारण वर्तुळात फिरत राहिल्यास सर्वांत लांब मार्गाला अंत उरत नाही.

काही किरकोळ गैरसमज. क्रिटिकल पाथ एकच असतो असे नाही. दोन शाखा समान लांबीच्या असल्या की दोन्ही क्रिटिकल. पर्ट ही नियोजनाची पद्धत म्हणजे क्रिटिकल पाथ नव्हे. ती अमेरिकी नौदलाच्या पोलॅरिस क्षेपणास्त्रासाठी १९५८ मध्ये तयार झाली आणि प्रत्येक कामासाठी तीन अंदाज घेते. क्रिटिकल पाथवरील कामांच्या सरासरी वेळांची बेरीज म्हणजे प्रक्रियेचा सरासरी वेळ, हेही खरे नाही: दोन स्वतंत्र समांतर कामे वेळेत होण्याची शक्यता प्रत्येकी निम्मी असेल तर दोन्ही वेळेत होण्याची शक्यता चौथा हिस्साच उरते, आणि या कारणाने पर्टचे अंदाज कमी येतात हे मॅक्रिमन आणि रायव्हेक यांनी १९६४ मध्येच ‘ऑपरेशन्स रिसर्च’ या नियतकालिकात दाखवले होते.

म्हणून लाल रेघ पाहून माणसे किंवा पैसा हलवण्याआधी सॉफ्टवेअर पुरवणाऱ्याला दोन गोष्टी विचाराव्यात: ती रेघ कोणत्या फाइलींच्या नोंदींवरून काढली, आणि तिच्यात फाइल टेबलावर पडून राहण्याचा वेळ धरला आहे की नाही.