एक अक्षर चुकलं की वीज बंद

जेम्स वॉटसन वयाच्या 97 व्या वर्षी गेले. मृत्युलेखांत डीएनएच्या रचनेचा 1953 चा शोध आला, त्या शोधात वाटा असलेल्या रोझलिंड फ्रँकलिन यांच्यावरचा अन्याय आला, वॉटसन यांची वादग्रस्त विधानंही आली. डीएनए म्हणजे माहितीचं भांडार, यावर सगळ्यांचं एकमत. पण डीएनए हा एक पदार्थही आहे, आणि त्यातून वीज वाहते का, यावरून रसायनशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं भांडले. मला त्या भांडणात जास्त रस आहे.

शंकेला जागा रचनेतच आहे. डीएनएतल्या बेस नावाच्या रेणूंच्या जोड्या नाण्यांच्या चळतीसारख्या एकावर एक बसतात, मध्ये जेमतेम 0.34 नॅनोमीटर अंतर. या सपाट रेणूंचे इलेक्ट्रॉन वरखालच्या शेजाऱ्यांपर्यंत पसरतात. मग इथून विद्युतभार सरकायला काय हरकत, असं एली आणि स्पायव्ही यांनी 1962 मध्येच सुचवलं होतं.

भडका उडाला 1993 मध्ये, कॅल्टेकच्या जॅकलिन बार्टन यांच्या प्रयोगाने. 15 जोड्यांचा तुकडा. एका टोकाला रुथेनियमचं संयुग, दुसऱ्याला ऱ्होडियमचं. प्रकाश पडला की रुथेनियमवालं टोक चमकायला हवं. ते चमकेना. बार्टन म्हणाल्या, इलेक्ट्रॉन चार नॅनोमीटर ओलांडून पलीकडे गेला. इतक्या लांब, इतक्या झटपट? अनेकांनी मान्यच केलं नाही. बाई मागे हटल्या नाहीत.

पुढे तर जितक्या प्रयोगशाळा तितके निकाल. डेल्फ्टच्या गटाला 2000 मध्ये दहा नॅनोमीटरचा डीएनए अर्धवाहक दिसला. वर्षभरात त्याच गटाला लांब तुकडे विद्युतरोधक दिसले. रेणू कोरडा की ओला, बेसचा क्रम कोणता, इलेक्ट्रोडला जोडला कसा, सगळा खेळ यावर. डीएनएच्या चिपची स्वप्नं विकणाऱ्यांनी तेव्हा जरा दम धरायला हवा होता.

बाझेलच्या बेर्न्ड गीझे यांनी गुंता बराच सोडवला. चार बेसपैकी ग्वानिनमधून इलेक्ट्रॉन सर्वांत सहज निघतो. तो गेला की मागे धनभार उरतो आणि तो एका ग्वानिनवरून दुसऱ्यावर जातो. मध्ये अ‍ॅडेनिन-थायमिनच्या दोन-तीनच जोड्या असतील तर थेट, टनेलिंगने. जास्त असतील तर अ‍ॅडेनिनवर थांबत थांबत. म्हणूनच अंतर वाढलं तरी वेग फारसा कोसळत नाही.

2011 मध्ये बार्टन यांच्या गटाने 100 जोड्यांच्या, 34 नॅनोमीटर लांब डीएनएतून भार नेऊन दाखवला. मध्ये एकच बेमेळ जोडी घातली, तर प्रवाह घसरला. तारेसाठी हा दोष. बिघाड हुडकणाऱ्या सेन्सरसाठी मात्र हेच भांडवल. पेशीतली दुरुस्ती करणारी काही प्रथिनं लोह-गंधकाचे पुंजके बाळगतात. ती याच प्रवाहाने बिघाड शोधत असावीत, असं बार्टन यांचं म्हणणं. कल्पना देखणी आहे. पण 2017 मध्ये डीएनएची नक्कल सुरू करणाऱ्या प्रायमेज या प्रथिनालाही त्यांनी ती लावली, तेव्हा इतर गटांनी जोरदार आक्षेप घेतले. जिवंत पेशीत हे रोज घडतं, हे पटवायला मला तरी अजून पुरावा हवा आहे.