वीस मिनिटे आणि एक काचेची नळी

शिरूर आणि दौंड हे पुणे जिल्ह्यातले घोड-भीमेच्या काठचे उसाचे तालुके. उसात उंदीर, उंदरांमागे साप आणि रात्री पाण्याची पाळी आली की अंधारात बांधावरून चालणारा शेतकरी. साप चावल्यावर कोणते उपचार करावेत, याची पुराव्यांवर आधारलेली मार्गदर्शक सूत्रे देशात उपलब्ध आहेत. तरीही २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. मग छापलेले ज्ञान रुग्णाच्या खाटेपर्यंत पोचताना अडते कुठे?

एक साधी चाचणी पाहू. घोणस व फुरसे यांच्या विषाने रक्ताची गोठण्याची शक्ती जाते. म्हणून रुग्णाचे २ मिलिलिटर रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन २० मिनिटे अजिबात न हलवता ठेवायचे. मग नळी तिरपी करायची. रक्त पातळच राहिले, तर विष भिनले आहे, प्रतिविष द्यायला हवे. यंत्र नको, वीज नको. पण नळी काचेचीच हवी, कारण काचेच्या स्पर्शाने रक्त गोठण्याची क्रिया सुरू होते. प्लास्टिकच्या किंवा साबणाने धुतलेल्या नळीत निरोगी माणसाचे रक्तही गोठत नाही असे भासू शकते. म्हणजे दोन-चार रुपयांची नळी नसली, तर सूत्र कागदावरच राहते! नाग-मण्यारच्या दंशात मात्र या नळीवर विसंबता येत नाही. तेथे जड होणाऱ्या पापण्या आणि श्वास पाहावा लागतो.

दुसरी अडचण भीतीची. प्रतिविष घोड्याच्या रक्तापासून बनते, त्यामुळे काही रुग्णांना त्याची तीव्र प्रतिक्रिया येते. ॲड्रेनलिनचे इंजेक्शन हाताशी ठेवून प्रतिविष सुरू करावे, असे सूत्रे सांगतात. पण रात्री एकट्या असलेल्या डॉक्टरला वाटते, रुग्ण इथेच दगावला तर? मग सोपी वाट म्हणजे 'पुण्याला न्या'. सत्तर-ऐंशी किलोमीटरच्या त्या प्रवासात विष थांबत नाही. लक्षणे असतील तर पहिली मात्रा आधी, प्रवास नंतर, हेच शास्त्र आहे. मुलांनाही मात्रा मोठ्यांइतकीच लागते, कारण साप माणूस पाहून विष कमी सोडत नाही.

तिसरी अडचण आपल्याकडची. प्रत्येक दंशात विष टोचले जातेच असे नाही. लक्षणे नसतील तर प्रतिविष न देता रुग्णाला २४ तास निरीक्षणाखाली ठेवणे हाच योग्य उपचार. नातेवाइकांना मात्र वाटते, डॉक्टर काहीच करत नाहीत.

मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्याचा आराखडा जाहीर केला. त्यात शाळेलाही काम आहे. आवळपट्टी बांधू नये, जखम कापू किंवा चोखू नये, अवयव स्थिर ठेवून थेट दवाखाना गाठावा, हे विद्यार्थ्यांना शिकवता येईल. त्यांच्यासह प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन तीन प्रश्नही विचारता येतील : प्रतिविषाच्या कुप्या किती आहेत? ॲड्रेनलिन आहे का? आणि काचेची नळी?