स्पॅनिश अध्ययन
स्पॅनिश अध्ययन ही स्पॅनिश भाषा, साहित्य आणि स्पेन व लॅटिन अमेरिकेची संस्कृती यांचा एकत्रित अभ्यास करणारी ज्ञानशाखा आहे. सेर्व्हान्तेस यांच्या ‘दोन किहोते’पासून (१६०५, १६१५) गार्सिया मार्केस यांच्यापर्यंतचे साहित्य तिच्या कक्षेत येते.

ठाणे व कल्याण-डोंबिवलीतील विद्यार्थ्यांसाठी प्रमाणपत्र अभ्यासक्रमांची सोय पुण्यातील रानडे इन्स्टिट्यूटमध्ये, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात आहे. बी.ए. (ऑनर्स) ते पीएच.डी.पर्यंतचे शिक्षण दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात मिळते, तेथे बी.ए.च्या पहिल्या वर्षासाठी स्पॅनिशचे पूर्वज्ञान आवश्यक नसते.

इन्स्तितुतो सेर्व्हान्तेसच्या ‘डेले’ परीक्षेचे (स्तर ए१ ते सी२) प्रमाणपत्र केवळ भाषिक प्रावीण्य दर्शवते. ते विद्यापीठीय पदवीला पर्याय ठरत नाही.