पंगतीत बिनतुपाचं पान

मे महिन्यातली दाट तीथ. हिंगोली सोडून नर्सी नामदेवच्या वाटेला लागलं की रस्त्याकडेला मांडवांमागून मांडव दिसतात. कयाधूच्या पात्रात दगड उघडे पडलेत. शेताच्या कडेला शिजवलेली हळद वाळत घातली आहे. कुठं तिच्या पॉलिशचा ढोल घरघरतोय आणि पिवळी धूळ वाऱ्यासोबत जीपमध्ये येतेय. पारा 42च्या वर असेल. मुहूर्त 12 वाजून 35 मिनिटांचा. अक्षता दीडच्या आत पडणार नाहीत, हे जीपमधल्या लेकरांनाही ठाऊक आहे.

मांडवाच्या तोंडाशी पहिली गाठ चहाशी पडते. एक पोरगा कपांनी भरलेलं ताट घेऊन उभा. दाट, साईचा चहा. मी हात जोडते. कोरा मिळेल का विचारते. पोरगा माझ्याकडं बघतो, मग मागच्या खुर्चीवरच्या काकांकडं.

"आण की बाबा," काका म्हणतात. "आमच्या टायमाला कोराच राहायचा. दूध होतं कोणाकडं?"

कोरा चहा येतो. गूळ घातलेला, वर गवती चहाची काडी. गोष्ट इतकी सोपी असते. फक्त चहापुरती.

दूध, दही, ताक, तूप, खवा यांतलं मी काही घेत नाही. शहरात याला व्हिगन म्हणतात. इंग्लंडमध्ये 1944 साली अशा मंडळींनी आपली पहिली संस्था काढली. इथं ते नाव घ्यायची गरज पडत नाही. "ती दूधदुभतं खात नाही," एवढ्यावर सगळ्यांना कळतं. शाकाहारी म्हणून मात्र भागत नाही. तुपाचा हात सगळ्यात सढळ सुटतो तो शाकाहारी पंगतीतच.

म्हणून मांडवात बसण्याआधी मी मागं जाते, भट्टीवर.

चरावर तीन कढया. लाकडाचा धूर डोळ्यांत जातो. आचारी कमरेला पंचा गुंडाळून उभा आहे, हातात झारा. पंधराशे पानांचा स्वयंपाक. एका बाजूला बायका पुऱ्या लाटतायत, पिठात तेलाचं मोहन. मोठ्या कढईत वांग्याची भाजी रटरटतेय.

"भाजीत काय काय हाय, दादा?"

"शेंगदाण्याचं कूट, तीळ, खोबरं, काळा मसाला. दुसरं काही नाही, ताई."

"आणि बुंदी?"

तो पाकाच्या पातेल्याकडं बोट करतो. साखर उकळतेय. त्याचा हाताखालचा माणूस त्यात वाटीभर दूध सोडतो. बघता बघता करडा फेस वर जमतो, झाऱ्यानं तो काढून फेकतो. खालचा पाक काचेसारखा स्वच्छ. "मळी काढायला दूध लागतंच," आचारी सांगतो. म्हणजे बुंदी गेली. नुसतं बघून हे कुणाला कळलं नसतं. बाजारच्या पाकिटावर व्हिगनची हिरवी खूण छापायचे केंद्राचे नियम 2022 मध्ये आले. कढईवर खूण नसते. विचारावं लागतं.

चौथ्या चुलीवर गव्हाची खीर आहे. सडलेले गहू, गूळ, सुंठ, जायफळ, खोबऱ्याचे काप. आचारी स्वतःहूनच म्हणतो, "खिरीत दूध वरून वाढतेत, शिजताना नाही. तुमची आधी काढून ठेवू का?" एक स्टीलचा डबा पुसून तो बाजूला ठेवतो. या एका वाक्यासाठी मी धुरात उभी होते.

वरणाचं मात्र हुकतं. तुरीचं साधं वरण, तेलात जिऱ्याची फोडणी, सगळं जमून आलेलं. तेवढ्यात घरचे एक वडीलधारे पाच किलोचा तुपाचा डबा घेऊन येतात आणि तांब्याभर तूप सरळ पातेल्यात ओततात. "पाव्हण्यायला कमी पडू नये," म्हणतात. त्यांच्या चेहऱ्यावर केवढं समाधान आहे. एक किलो तुपाला म्हशीचं 14-15 लिटर दूध आटतं. त्या एका डब्यात सत्तरेक लिटर दूध आहे. ते त्यांनी मोजलेलं नाही. लेकीच्या लग्नात कुणी मोजत नाही.

मांडवात उकाडा. कापडी छताखाली हवा हलत नाही. दोन कूलर आहेत, दोन्ही नवरदेवाच्या बाजूला. बायका पदरानं वारा घेतायत. वरात मारुतीच्या पारापाशीच अडकली आहे. बँडचा आवाज जवळ येतो, पुन्हा लांब जातो. हातातल्या अक्षता घामानं बोटांना चिकटतात. शेजारी बसलेली वहिनी दवाखान्यात काम करते. ती हळूच विचारते, "बी-बाराचं काय करतीस गं?"

"गोळी घेते."

ती मान डोलावते. ही गोळी टाळून चालत नाही. धान्यात, डाळीत, भाज्यांत ते जीवनसत्त्व मिळत नाही. प्रथिनांची चिंता त्या मानानं कमी आहे. पावसाळ्यात या भागात नजर जाईल तिथं सोयाबीन उभं असतं, आणि 100 ग्रॅम सोयाबीनमध्ये 36 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. शिवाय तूर, हरभरा, मूग. ज्या घरात मी पाहुणी आहे, त्यांच्या कोठीत हे सगळं आहे.

अक्षता पडतात. फटाके. एकदम गलका. पहिल्या पंगतीला माणसं धावतात. आम्हा बायकांची पंगत तिसरी. सतरंजीच्या पट्ट्या धुळीनं भरल्यात, कडेला सांडलेल्या पाण्याचा चिखल. पत्रावळ वाऱ्यानं उडू नये म्हणून तिच्यावर पाण्याचा ग्लास ठेवायचा. मीठ, लोणचं, चटणी. मग पुरी, भाजी, भात. मग वरण, आणि माझा पहिला नकार. बुंदी, दुसरा. मठ्ठा, तिसरा. वाढपी पोरं वाकून पळतायत. "तूप, तूप, तूप." चरवीतून धार सुटते. मी दोन्ही हात पानावर आडवे धरते.

हे आत्याला लांबून दिसतं. ती येते, कमरेवर हात ठेवते.

"दूध नको, तूप नको. जगायलीस कशावर गं माय?"

"आत्या, भाजी झकास झालीय."

"नामदेवानं दगडाच्या देवाला दूध पाजलं. आन् तू माणसानं दिलेलं नको म्हणायलीस?"

पंगत हसते. हसण्यात टोमणा नाही, माया आहे. नर्सी इथून हाकेच्या अंतरावर. संत नामदेवांचा जन्म 1270चा मानतात आणि त्यांचं जन्मगाव म्हणून इथली माणसं नर्सीचंच नाव घेतात. माझ्या शेजारच्या आजी घास थांबवून दुसरी कथा काढतात. कुत्र्यानं पोळी पळवली, तर नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागं धावले. कोरडी खाऊ नको रे देवा म्हणत. आजी सांगतात आणि त्यांचे डोळे भरून येतात.

मी ऐकते. दोन्ही कथांत प्रेम दुधा-तुपातूनच वाहतं. आत्यालाही तेच म्हणायचं आहे. त्याच दुसऱ्या कथेत मुक्या जनावराच्या मागं धावणारा माणूसही आहे, आणि माझं म्हणणं तिथं आहे. पण पानावर बसून हा वाद घालू नये असं माझं पक्कं मत आहे. भरल्या पंगतीत दिलेलं कारण वाढणाऱ्याला दोष दिल्यासारखं लागतं.

तेवढ्यात आचाऱ्याचा माणूस डबा घेऊन येतो. बिनदुधाची खीर द्रोणात पडते. गव्हाचे दाणे फुगून टपोरे झालेत, गुळाचा रंग गडद आहे. आत्या निरखून बघते. "हे चालतं व्हय?" मग तीच हाक मारते, "अरे, हिला आणिक वाढा." यजमान हात जोडून रांगेतून फिरतायत. "सावकाश होऊ द्या, सावकाश होऊ द्या."

चारच्या पुढं ऊन कलतं. आत्याचं घर मांडवाला लागूनच आहे. तिला धारेची घाई. गोठ्यात एक म्हैस, दोन हातांवर खुंटीला रेडकू. आत्या त्याला सोडते. ते धडपडत कासेला भिडतं, दोन-चार ढुशा देतं. म्हैस पान्हावते. लगेच आत्या दाव्याला ओढून रेडकू पुन्हा खुंटीला बांधते आणि बादली गुडघ्यांत धरते. धारेचा आवाज. रेडकाच्या तोंडाला फेस लागलाय, दावं ताणलेलं आहे.

"वगार असती तर जपलं असतं," आत्या म्हणते. "रेडा कोण पोसतंय? ट्रॅक्टर आल्यापासून काम तरी काय त्याला."

ती हे कठोरपणे म्हणत नाही. दुधाचा पैसा हा घरातला एकच पैसा तिच्या हातात येतो. त्यावर पोरीची फी भरली गेली आहे. संकलन केंद्रावर मशीन फॅट दाखवतं, त्यावर दर ठरतो. देशात माणशी दिवसाला 471 ग्रॅम दूध निघतं, असा 2023-24चा सरकारी हिशोब आहे. तो अशा गोठ्यांतून जमतो. मी दूध का सोडलं ते सांगायला मला हे दावं पुरतं. आत्यानं ते का सोडू नये, हेही मला इथंच कळतं. दोन्ही खरं आहे.

निघताना ती पिशवी भरते. तूरडाळ, जवसाची चटणी, घरच्या हळदीची पुडी. पेढ्यांचा पुडा ती स्वतःच काढून ठेवते.

माझ्यासारखं कुणी असाल तर नकार पंगतीत बसल्यावर देऊ नका, भट्टी पेटायच्या आधी कळवा. आणि कार्य तुमच्या घरी असेल तर एवढं करा. तूप पातेल्यात ओतू नका, चरवीत ठेवून वाढप्याच्या हाती द्या. खिरीतलं दूध वरूनच वाढा. हवं त्याला ते पोटभर मिळेल, आणि नको असलेल्यालाही तुमच्या मांडवात वरण-भात खाता येईल.