फिक्सर बड्या स्टारच्या वाटेला का जात नाहीत?

फुटबॉलमधल्या मॅच फिक्सिंगचा विषय निघाला की अनेकांना आधी बड्या स्टारचीच शंका येते. साधा हिशोब बघा! आठवड्याला लाखो युरो कमावणारा खेळाडू लाचेसाठी करार, जाहिराती आणि नाव पणाला कशाला लावेल?

फिक्सर अडलेल्यांना गाठतात. फिफप्रो या खेळाडूंच्या जागतिक संघटनेच्या २०१६ च्या पाहणीत ४१ टक्के खेळाडूंनी पगार उशिरा मिळाल्याचं सांगितलं. सिंगापूरचा फिक्सर विल्सन राज पेरुमल याला २०११ मध्ये फिनलंडमध्ये शिक्षा झाली, ती रोव्हानिएमीच्या छोट्या क्लबातल्या खेळाडूंना पैसे चारल्याबद्दल. २००५ च्या जर्मनीतल्या फिक्सिंग प्रकरणात तर रॉबर्ट हॉयझर हा रेफरीच विकला गेला होता.

म्हणून फुटबॉल स्वच्छ ठेवायचा असेल, तर खालच्या लीगमधल्या खेळाडूंचे पगार आधी वेळेवर द्या!

#फुटबॉल #मॅचफिक्सिंग