सायकल घ्याल तर फ्रेम पाहून घ्या

सन १९०१ मध्ये बालवयातले बाबासाहेब भावंडांसह साताऱ्याहून वडिलांकडे निघाले. मसूर स्टेशनवर जात कळताच एकही गाडीवान न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे देऊन मुलांनीच गाडी हाकली. स्वतःच्या वाहनाची किंमत आपल्याला अशी ठाऊक आहे. म्हणून आम्ही सांगतो, सायकल घेताना रंग पाहू नका, फ्रेम पाहा.

रोजच्या कामाला पोलादी फ्रेमच घ्यावी. धक्क्याने ती आधी वाकते, सहसा एकदम तुटत नाही. तडा गेला तर गावातला वेल्डिंगवालाही जोडतो. पाय जमिनीवर टेकून उभे राहा. वरच्या दांडीपासून दोन-तीन बोटे अंतर हवे. सांगलीच्या सपाटीला जड फ्रेम चालेल, साताऱ्याचा यवतेश्वर घाट चढायला हलकी बरी. लांबच्या प्रवासाला मजबूत कॅरिअर बसेल अशी घ्या. जुनी घेताना दोन्ही चाके एका रेषेत आहेत का, सांध्यांवर रंगाखाली तडा वा गंज आहे का, ते तपासा.

आणि मुलीच्या मापाचीही एक पाहा. तिलाही कॉलेज गाठायचे आहे. जयभीम!