आठशेवरून दोनशे, दोनशेवरून साडेचारशे

अलिबागजवळ थळच्या कारखान्यात नैसर्गिक वायूपासून अमोनिया आणि अमोनियापासून युरिया बनतो. अशा कारखान्यांत वायूला आधी ८०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवतात, मग टप्प्याटप्प्याने २०० पर्यंत उतरवतात आणि अमोनिया करताना पुन्हा साडेचारशेच्या घरात नेतात. ही चढउतार कशासाठी?

शेवटच्या टप्प्यापासून पाहू. नायट्रोजन आणि हायड्रोजन जुळून अमोनिया होत असतो, त्याच वेळी झालेला अमोनिया फुटून पुन्हा ते वायू होत असतात. दोन्ही वेग सारखे झाले की प्रमाण बदलेनासं होतं, हा समतोल. तापवलं की दोन्ही वेग वाढतात, पण सारखे नाही. अमोनिया होताना उष्णता बाहेर पडते, म्हणजेच तो फोडायला ऊर्जेचा अधिक उंच उंबरठा ओलांडावा लागतो. उंबरठा जितका उंच, तितका तापमानाचा परिणाम मोठा. म्हणून उष्णतेचा फायदा फुटण्याला जास्त मिळतो. ‘समतोल बदलाला विरोध करतो’ हे अकरावीतलं वाक्य परीक्षेपुरतं ठीक. त्यात रेणूंना काही हट्ट असल्यासारखं वाटतं.

आकडे बोलके आहेत. वातावरणाच्या २०० पट दाबाखाली २०० अंशांना समतोलात सुमारे ८६ टक्के अमोनिया असतो, ४०० ला ३६ आणि ६०० ला जेमतेम ८. मग २०० वरच का थांबू नये? कारण नायट्रोजनच्या दोन अणूंमधला तिहेरी बंध इतका चिवट, की तिथे समतोल गाठायलाच फार वेळ लागतो. गार ठेवलं तर वेग नाही, तापवलं तर माल नाही.

विरोधाचा तो नियम १८८४ मध्ये मांडणारे ल शातेलिए यांनी १९०१ मध्ये स्वतः अमोनिया करून पाहिला. उपकरणात हवा शिरून स्फोट झाला आणि त्यांनी तो नाद सोडला. १९०९ मध्ये कार्ल्सरूहला फ्रिट्झ हाबर यांनी प्रचंड दाब आणि ऑस्मियमचा उत्प्रेरक वापरून तो करून दाखवला. मिटाश यांनी स्वस्त लोखंडी उत्प्रेरक शोधला, बॉश यांनी यंत्रं उभी केली, १९१३ मध्ये ओप्पाऊचा कारखाना सुरू झाला. उत्प्रेरक दोन्ही दिशांचे वेग सारखेच वाढवतो, त्यामुळे समतोल जागचा हलत नाही. फक्त कमी तापमानावर काम भागतं. साडेचारशे हा तडजोडीचा आकडा. एका फेरीत थोडाच अमोनिया होतो. तो थंड करून द्रवरूपात काढून घेतात आणि उरलेला वायू पुन्हा आत फिरवतात.

सुरुवातीचे ८०० अंश मिथेनसाठी. वाफ आणि मिथेनपासून हायड्रोजन काढताना उष्णता शोषली जाते, त्यामुळे इथे जितकं तापवाल तितकं पदरात जास्त पडतं. मर्यादा नळ्यांच्या धातूची. त्यातून निघालेल्या कार्बन मोनॉक्साइडवर पुन्हा वाफ सोडून आणखी हायड्रोजन मिळवतात. ही क्रिया मात्र उष्णता देणारी. म्हणून ती दोनदा करतात: आधी साडेतीनशेच्या वर, वेगासाठी, मग २०० च्या आसपास, उरलासुरला मोनॉक्साइड संपवण्यासाठी, कारण तो पुढच्या लोखंडी उत्प्रेरकाला विषासारखा. या थंड टप्प्यात तांब्याचा उत्प्रेरक असतो. तो फार तापला तर त्याचे बारीक कण एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि तो कायमचा मंदावतो.